भोसरीच्या चेन-पुलीवाल्या काकांना

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. "दोन तासांचं काय बिल लावायचं, पोरी" म्हणालात आणि टेम्पोत चेन-पुली टाकून निघून गेलात. नाव छापलेलंही तुम्हाला आवडायचं नाही, म्हणून लिहीत नाही. पण मी काय करून बसले होते आणि तुम्ही ते कसं निस्तरलंत, हे चारचौघांत सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

पुण्याच्या भवानी पेठेतलं ओळखीच्यांचं रिकामं गोडाऊन, दिवाळीचे चार दिवस आणि चाळीस कागदी कंदील. खालून माणूस गेला की त्याच्या डोक्यावरचे कंदील उजळायचे, तो पुढे सरकला की उजेडही त्याच्याबरोबर पुढे. दिव्यांचं काम माझ्या हातचं होतं. एका कंदिलात 12 एलईडी. चाळीसही कंदील एकदम पांढरे पेटले तर 5 व्होल्टवर जवळपास 29 अँपिअर. टोकाचे कंदील पिवळट दिसायला लागले तेव्हा तपकीर गल्लीतून जाड वायर आणली, मधेमधे वेगळी वीज सोडली, मिटलं. कंदील सगळे पाइपच्या एका फ्रेमला लावलेले. ती टांगायचं काय, तारेच्या चार दोऱ्या बांधायच्या, असं मी धरून चालले होते.

तुम्ही आला होतात शेजारच्या छापखान्यातलं मशीन हलवायला. दारातून वर पाहिलंत.

"हे कोणी टांगलं?"
"मी."
"आणि खाली कोण उभं राहणार?"
"लोक."

तुम्ही काही बोलला नाहीत. पोराला शिडी आणायला पाठवलंत.

वजन विचारलंत तेव्हा मी ठसक्यात 36 किलो सांगितलं. पाइप 16, कंदील 12, बाकीचं 8, हिशेब पाठ होता. तुम्ही फ्रेम उतरवून रद्दीवाल्याच्या काट्यावर चढवलीत. 48 भरली. वायरी, क्लॅम्प, पॉवर सप्लाय, मागाहून वेल्ड केलेल्या पट्ट्या, यांतलं निम्मं मी धरलंच नव्हतं.

मग ती बादली. फ्रेम उंच दिसावी म्हणून मी दोऱ्या अगदी आडव्या फाकवल्या होत्या. तुम्ही पाण्याने भरलेली बादली आणवलीत, कडीला दोन दोऱ्या बांधल्यात, एक माझ्या हातात दिलीत, एक स्वतः धरलीत. "आता मागे मागे जा." तीन पावलांत माझे हात थरथरायला लागले. पाणी तेवढंच होतं! घरी जाऊन कागदावर मांडलं. चारपैकी ताण दोनच दोऱ्या घेतात असं धरायचं, कारण "चार पायांचं टेबल डुगडुगतं ना, तसंच हे", असं तुम्हीच म्हणाला होतात. दोऱ्या सरळ खाली असत्या तर एकीवर 24 किलो. आडव्या रेषेशी 60 अंशांचा कोन ठेवला तर 28. माझ्या 30 अंशांत 48, म्हणजे अख्खी फ्रेम एकेका दोरीवर. हे सूत्र मी कॉलेजात परीक्षेत लिहिलेलं आहे, मार्कही मिळाले होते.

दोऱ्या कुठे अडकवल्यात हेही तुम्ही बघितलंत. छताच्या लोखंडी कैचीत पट्ट्या जिथे एकत्र येतात त्या सांध्यांमधली जागा मला सोयीची वाटली होती. "गाठीला टांग, काठीला नको." मधे ओढलं की पट्टी वाकते, सांध्याला ओढलं तर ओझं सगळ्या पट्ट्यांत वाटलं जातं. मग बुलडॉग क्लिपा, म्हणजे दोरीचं टोक दुमडून आवळायच्या पकडी. त्यांचा वाकडा यू-बोल्ट दोरीच्या दुमडलेल्या शेपटीवर यायला हवा आणि जाड बैठक ताणाच्या दोरीवर. माझ्या निम्म्या उलट्या होत्या. त्याबद्दल तुम्ही जे बोललात ते इथे लिहीत नाही.

कंदील आपोआप का पेटतात, या कोड्याने मला तीन रात्री छळलं होतं. खाली कुणी नाही, तरी दोन सेकंदांच्या तालात कंदील उजळायचे आणि विझायचे. मी प्रोग्राममध्ये चूक शोधत बसले होते. तुम्हाला प्रोग्रामिंगचं काही माहीत नाही, पण तुम्ही पंख्याकडे बोट दाखवलंत. माझ्या दोऱ्या कैचीच्या रेषेतच तिरक्या होत्या, दुसऱ्या दिशेला फ्रेम झोपाळ्यासारखी मोकळी. आणि हालचाल टिपणारे सेन्सर मी त्याच फ्रेमला लावलेले. माणूस हलला काय अन् सेन्सर हलला काय, त्याला फरक कळत नाही. तुम्ही आडव्या दिशेने दोन बारीक ताण दिलेत, मी सेन्सर खांबांवर नेले. भुतं त्याच रात्री गेली.

तुम्ही पाडव्याला आलात. सगळे कंदील बघत होते, तुम्ही शॅकल, दोऱ्या अडकवायच्या पिनवाल्या लोखंडी कड्या. तुमच्या डोक्यावरचे कंदील उजळले. तुम्ही इतके निश्चल उभे राहिलात की थोड्या वेळाने ते विझले. मग मान हलवलीत तशी परत लागले. तुम्ही हसलात असं मला वाटलं, अंधारात नीटसं दिसलं नाही. जाताना दारातून विचारलंत, "शॅकलच्या पिनांना तार गुंडाळलीस ना?"

गर्दीत माझं उत्तर तुम्हाला ऐकू गेलं नसावं. गुंडाळली होती, काका. चारही.

तुमची,
कंदीलवाली