हलका कोळसाच स्वस्त

जीएसटी परिषदेने सप्टेंबर २०२५ मध्ये कोळशावरील कर ५ वरून १८ टक्के केला. त्याला हरित पाऊल म्हणणे घाईचे आहे. त्याच निर्णयात टनामागे ४०० रुपयांचा सेस (उपकर) रद्द झाला. टनाला १,००० रुपये किमतीच्या कोळशावर पूर्वी ४५० रुपये पडत, आता १८०. बोजा वाढला तो साधारण ३,१०० रुपयांच्या वरच्या कोळशावर. म्हणजे कमी किमतीचा, जास्त राखेचा देशी कोळसाच स्वस्त झाला. वीजदरासाठी हा दिलासा हवाच होता. पण २०१० मध्ये स्वच्छ ऊर्जेसाठी सुरू झालेला सेस २०१७ पासून जीएसटीमुळे राज्यांच्या बुडालेल्या महसुलाच्या भरपाईकडे वळला होताच. आता निदान कोळशाच्या करातील ठरावीक हिस्सा स्वच्छ विजेच्या पारेषण वाहिन्या आणि बॅटरी साठवणुकीसाठी अर्थसंकल्पात स्वतंत्र शीर्षाखाली दाखवावा.

– एक वाचक, चंद्रपूर