‘प्रत्येक विमान एकाच फ्लाइट मॉडेलवर’ या दाव्याबाबत तक्रार

विलेपार्ले (पूर्व), मुंबई
दिनांक : १२ जुलै २०२५

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
मुंबई कार्यालय

विषय : लढाऊ विमानांच्या सिम्युलेटर खेळातील संगणकचालित वैमानिकांबाबत केलेला दावा खोटा असल्याबद्दल तक्रार व परताव्याची मागणी.

महोदय / महोदया,

आपल्या कंपनीचा हा सिम्युलेटर खेळ मी १४ मे २०२५ रोजी ३,४९९ रुपये भरून ऑनलाइन विकत घेतला. त्यासाठी लॅमिंग्टन रोडवरून जॉयस्टिक आणि थ्रॉटलही आणले. त्यांचा खर्च मी मागत नाही, कारण त्या वस्तू उत्तम चालतात. खेळाच्या विक्रीपानावर ठळक अक्षरांत असे लिहिले आहे की, प्रत्येक विमान, मग ते खेळाडू उडवत असो वा संगणक, एकाच फ्लाइट मॉडेलवर, म्हणजे विमान कसे उडते याच्या एकाच गणितावर, उडते. हे वाक्य वाचूनच मी पैसे भरले. सांताक्रूझच्या विमानतळावर विमानांच्या देखभालीत ३१ वर्षे काढलेल्या माणसाला ढग किती सुंदर रंगवले आहेत याचे फारसे कौतुक नसते. पंख, इंजिन आणि वजन यांचा हिशेब जुळतो की नाही, एवढेच तो पाहतो. तो हिशेब आपल्या खेळात जुळत नाही.

खेळात भारत आणि तेव्हाचा पूर्व पाकिस्तान यांच्या सीमेवरील बोयरा येथे १९७१ मध्ये झालेल्या हवाई लढाईचे मिशन आहे. त्या वर्षी २२ नोव्हेंबर रोजी आपल्या हवाई दलाच्या २२ व्या स्क्वॉड्रनच्या नॅट विमानांनी पाकिस्तानी साबर विमानांना तिथे गाठले होते. मी नॅट घेतो आणि समोरची साबर विमाने संगणक उडवतो. एका झुंजीत साबरने ताशी सुमारे ६५० किलोमीटर वेगाने आणि ६ जी (गुरुत्वाकर्षणाच्या सहापट) इतक्या ताणाने माझ्याभोवती लागोपाठ सहा फेऱ्या घेतल्या. या वेगाला आणि ताणाला एक फेरी साधारण १९ ते २० सेकंदांत पूर्ण होते, म्हणजे हा प्रकार जवळजवळ दोन मिनिटे चालला होता, आणि रिप्लेमधील आकड्यांनुसार त्या अवधीत साबरचा वेगही घटला नाही आणि उंचीही घटली नाही. साबरच्या इंजिनाचा जोर त्याच्या भरलेल्या वजनाच्या निम्म्याहूनही कमी असतो. एवढ्या करकचून वळणाऱ्या विमानाला पंखांवर जो ओढा बसतो, तो भरून काढण्याची ताकद त्या इंजिनात नाही. वेग टिकवायचा तर विमानाने खाली यायला हवे आणि उंची टिकवायची तर वेग गमवायला हवा. माझे विमान हा नियम निमूटपणे पाळते. शिवाय तेवढ्याच ताणात काही सेकंदांतच माझा पडदा काळा होतो, कारण डोक्यातले रक्त खाली उतरते हे आपण खेळाडूपुरते मोठ्या काळजीने दाखवले आहे. साबरमधल्या वैमानिकाला बहुधा रक्तच नसावे.

संगणकचालित विमानांसाठी हलके, सोपे केलेले गणित वापरण्याची पद्धत या खेळांत जुनी आहे आणि तिचे कारणही मला समजते. एकाच वेळी वीस विमानांचे पूर्ण वायुगतिशास्त्र सोडवायचे म्हटले, तर घरगुती संगणक दमतो. म्हणून अनेक खेळांत संगणकाला वळण्याचा दर, चढण्याचा दर आणि कमाल वेग यांचा एक तयार तक्ता दिला जातो आणि वैमानिक त्या तक्त्यातून वाट काढतो. हे आपण उघडपणे लिहिले असते, तर मी एक तर खेळ घेतला नसता किंवा घेऊन मुकाट्याने खेळलो असतो. तक्रार आहे ती तक्ता वापरून ‘एकच मॉडेल’ असे छापण्याबद्दल.

दुसरी बाब नजरेची आहे आणि ती मला अधिक खटकते. नॅटच्या पंखांचा विस्तार जेमतेम पावणेसात मीटर. पाच किलोमीटरवरून समोरून येणारा नॅट हात लांब करून धरलेल्या मोजपट्टीवर एक मिलिमीटरही भरत नाही. प्रत्यक्षातही या विमानाचे मोठे बळ हेच होते की ते शत्रूला दिसायलाच उशीर होत असे. आपल्या खेळात हे बळ शून्य आहे. मी मिशन एडिटरमध्ये एक चाचणी लावली : माझे विमान दाट ढगात, साबर माझ्यापासून आठ किलोमीटर पुढे आणि माझ्याकडे पाठ करून. पल्ल्याची मर्यादा घालून दिल्यासारखा तो ठरावीक अंतरापर्यंत सरळ गेला आणि मी ते अंतर ओलांडताच ढगाआडून आलेल्या माझ्याकडे क्षणार्धात वळला. मी सूर्याच्या बाजूने आलो, शेपटीखालून आलो, जमिनीलगत आलो. निकाल दर वेळी तोच. याचा अर्थ असा की त्याला डोळे नाहीत, तो माझे स्थान थेट खेळाच्या स्मृतीतून वाचतो. साबरच्या मागच्या आणि खालच्या बाजूला वैमानिकाला न दिसणारा भाग असतो, पकडलेले लक्ष्य ढगात शिरले की ते हरवते, हरवल्यावर वैमानिक शेवटच्या दिशेवरून अंदाज बांधतो आणि तो चुकतोही. हे सगळे लिहिणे प्रोग्रामरला अशक्य नाही.

या दोन्ही गोष्टी मी २६ मे रोजी मदतकक्षाला कळवल्या. २ जूनच्या उत्तरात मला ‘प्रगत कृत्रिम बुद्धिमत्ते’चे कौतुक ऐकायला मिळाले आणि ऑगस्ट २०२० मधील अमेरिकेच्या डार्पा या लष्करी संशोधन संस्थेच्या स्पर्धेचा दाखला देण्यात आला, ज्यात हेरॉन सिस्टिम्स या कंपनीच्या प्रणालीने एफ-१६ या लढाऊ विमानाच्या अनुभवी वैमानिकाला ५-० ने हरवले होते. दाखला खरा आहे, पण तो आपल्या विरोधात जातो. त्या स्पर्धेत यंत्र आणि माणूस एकाच सिम्युलेशनमधील एफ-१६ उडवत होते. यंत्राला प्रतिस्पर्ध्याची स्थिती अचूक कळत होती, ही त्याची सवलत कोणी लपवून ठेवली नव्हती. विमानाचे पंख दोघांनाही सारखेच जड होते. आपला साबर जिंकतो तो हुशारीने नव्हे, हे तो नवशिक्याच्या पातळीवर ठेवून पाहिले की लगेच कळते : तिथेही तो तशाच अशक्य फेऱ्या घेतो, फक्त गोळ्या इकडेतिकडे उडवतो. म्हणजे ‘पातळी’ बदलली की नेम बिघडतो आणि प्रतिक्रियेला उशीर लागतो. वैमानिकाची समज आहे तेवढीच राहते. उत्तरात मला पातळी कमी करून पाहण्याचा सल्लाही दिला होता.

माझ्याच बाजूचा संगणकचालित साथीदार याच्या अगदी उलट टोकाचा आहे. तो लक्ष्याकडे नाक करून सूर मारतो, वर खेचण्याचा निर्णय उशिरा घेतो आणि जमिनीत घुसतो. ज्या प्रदेशात टेकडी औषधालाही नाही, तिथे त्याने माझ्या सात मिशनांपैकी चारांत हे करून दाखवले. माझा नातू आता मिशन सुरू होताच त्याचा निरोप घेतो.

परताव्याची विनंती मी ४ जून रोजी केली असता ‘दोन तासांपेक्षा अधिक वेळ खेळल्यामुळे’ ती नाकारण्यात आली. ज्या दोषाचा शोध लागायला चाचण्या लावून मोजमाप करावे लागते, तो दोन तासांत कोणाच्या लक्षात येणार? त्यामुळे माझी मागणी अशी आहे की, आपण एक तर संगणकचालित विमानांना खेळाडूच्याच फ्लाइट मॉडेलवर आणणारा आणि त्यांच्या नजरेला मर्यादा घालणारा पॅच (खेळातील दुरुस्ती) किती तारखेपर्यंत देणार हे लेखी कळवावे, किंवा ३,४९९ रुपये परत करावेत. दोन्हींपैकी काहीही केले तरी विक्रीपानावरील ते वाक्य आजच काढून टाकावे, कारण ते वाचून उद्या दुसरा कोणी पैसे भरेल.

हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास, ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या तरतुदीनुसार मी वांद्रे येथील मुंबई उपनगर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे जाण्याची मुभा हा कायदा देतो, त्यामुळे आपले मुख्य कार्यालय परराज्यात असल्याची अडचण मला येणार नाही. चाचण्या आपल्या तंत्रज्ञांना स्वतः करून पाहता याव्यात म्हणून मिशनच्या फाइल्स सोबत दिल्या आहेत. त्यातील ढगाची फाइल आधी उघडावी, ती पाच मिनिटांत पाहून होते.

आपला,
(स्वाक्षरी)

सोबत : खरेदीची पावती, २ जूनच्या ईमेलची प्रत, विक्रीपानाचे छायाचित्र, तीन रिप्ले आणि दोन मिशन फाइल्स असलेला पेनड्राइव्ह.