ग्रीनबॅक नोटांमागचा वकील

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील यादवी युद्धावर आपल्या दैनिकात आलेला लेख आवडला. मात्र ‘युद्धखर्चासाठी लिंकन यांनी कागदी नोटा छापल्या’ एवढ्या एका वाक्यात त्यात अर्थकारण आटोपले आहे. त्या नोटा ज्यांच्या खात्याने काढल्या आणि त्यांतील एक डॉलरच्या नोटेवर ज्यांचे चित्र होते, त्या अर्थमंत्री सॅल्मन पी. चेस यांचा नामोल्लेखही नसावा, याचे कोषागारात उभी हयात घालवलेल्या माझ्यासारख्या वाचकाला वाईट वाटले.

चेस मुळात वकील. न्यू हॅम्पशायरमध्ये 1808 साली जन्मलेल्या या माणसाने 1830 पासून ओहायो राज्यातील सिनसिनाटीत वकिली केली. ओहायो नदीपलीकडे केंटकीत गुलामगिरी होती आणि तिथून पळून आलेल्यांची बाजू न्यायालयात मांडणारे म्हणून त्यांचे नाव झाले. 1837 मध्ये मॅटिल्डा या तरुणीचा खटला ते हरले आणि तिला परत पाठवण्यात आले. पळणाऱ्या गुलामांना आपल्या गाडीत बसवल्याबद्दल कोर्टात खेचल्या गेलेल्या व्हॅन झँट या शेतकऱ्याची बाजू त्यांनी थेट सर्वोच्च न्यायालयात नेली. 1847 मध्ये तिथेही निकाल विरुद्धच गेला. गुलामगिरी मोडण्यासाठी झटलेल्या ज्या अमेरिकी सज्जनांना महात्मा फुले यांनी 1873 मध्ये आपला ग्रंथ अर्पण केला, त्यांच्यात चेस यांची गणना मी निःसंकोच करतो.

पुढे सिनेटर आणि ओहायोचे गव्हर्नर होऊन मार्च 1861 मध्ये ते अर्थमंत्री झाले, तेव्हा त्यांच्या गाठीशी सरकारी तिजोरीचा अनुभव जवळजवळ नव्हता आणि महिनाभरातच युद्ध पेटले. सुरुवातीला त्यांची चूकही झाली. न्यूयॉर्क, बोस्टन व फिलाडेल्फियाच्या बँकांकडून घेतलेले कर्ज बँकांतच ठेवून लागेल तसे वापरण्याऐवजी ते सोन्याच्या रूपात तिजोरीत भरले जावे, असा आग्रह त्यांनी धरला. बँकांचे सोने आटत गेले आणि डिसेंबर 1861 अखेर त्यांनी नोटांच्या बदल्यात सोने देणे बंद केले. या कोंडीतून फेब्रुवारी 1862 चा कायदा आला आणि 15 कोटी डॉलरच्या, सोन्याचा आधार नसलेल्या ‘ग्रीनबॅक’ नोटा कायदेशीर चलन ठरल्या. पुढच्या कायद्यांनी ही मर्यादा 45 कोटींवर गेली. सोन्याच्या नाण्यावर विश्वास असलेल्या चेस यांनी या उपायाला नाइलाजाने संमती दिली होती, हे विसरून चालणार नाही.

त्यांचे खरे कर्तृत्व मला नोटांपेक्षा इतरत्र दिसते. सहा टक्के व्याजाचे 50 कोटी डॉलरचे रोखे बँकर जे कुक यांच्यामार्फत, गावोगावी दलाल नेमून आणि वर्तमानपत्रांत जाहिराती देऊन, सामान्य कुटुंबांपर्यंत विकले गेले. प्रत्येक राज्यातील बँका आपापल्या नोटा काढत असल्याने माजलेला गोंधळ आवरण्यासाठी त्यांनी 1863 मध्ये राष्ट्रीय बँकांचा कायदा करून घेतला.

अध्यक्षपदाची त्यांची हाव मात्र लपणारी नव्हती. जून 1864 मध्ये त्यांनी दिलेला राजीनामा लिंकन यांनी स्वीकारला, आणि तरीही डिसेंबरात त्यांनाच सरन्यायाधीश नेमले. कृष्णवर्णीयांना अमेरिकेचे नागरिक मानण्यास नकार देणारा ड्रेड स्कॉट निकाल देणाऱ्या टॅनी यांच्या जागी चेस बसले आणि फेब्रुवारी 1865 मध्ये जॉन रॉक यांच्या रूपाने त्या न्यायालयात वकिली करण्याची परवानगी प्रथमच एका कृष्णवर्णीय वकिलाला मिळाली.

लेखात यायलाच हवी होती ती घटना 1870 ची. 1862 च्या कायद्यापूर्वीच्या कर्जाची फेड ग्रीनबॅक नोटांनी स्वीकारण्याची सक्ती घटनाबाह्य आहे, असा बहुमताचा निकाल चेस यांनी स्वतः लिहिला. अर्थमंत्री असताना आपणच या तरतुदीला पाठिंबा दिला होता, हे त्यांनी पुढे लपवले नाही. काहींना यात दुटप्पीपणा दिसतो. मला तो दिसत नाही, कारण युद्धाच्या घाईत मान्य केलेली गोष्ट शांततेत पुन्हा तपासणे हे न्यायाधीशाचे कामच होते. 1871 मध्ये, दोन नवे न्यायाधीश आल्यावर, पाच विरुद्ध चार मतांनी तो निकाल फिरवला गेला. चेस अल्पमतात राहिले आणि मे 1873 मध्ये मृत्यू येईपर्यंत सरन्यायाधीशपदावर होते.

आपला नम्र,
एक निवृत्त कोषागार कर्मचारी, सातारा