मंदारला पत्र : ९३-८९ चा कागद

प्रिय मंदार,

तुझं पत्र मिळालं. सामना संपला की तुझ्या बास्केटबॉल संघातल्या मुली स्कोअररच्या टेबलाकडे धावतात, आपल्या नावासमोरचे पॉइंट बघतात आणि उरलेल्या कागदाकडे ढुंकूनही पाहत नाहीत, ही तक्रार वाचून हसू आलं. कॉलेजात तू काय करायचास रे? शिट्टी वाजून संपत नाही तोवर माझ्या खांद्यावरून वाकून "माझे किती झाले?" विचारणारा पहिला तूच असायचास.

असो. मुलींसमोर ठेवून तासभर बोलता येईल असा एखाद्या सामन्याचा आकड्यांचा कागद सुचव म्हणालास. फार शोधावं लागलं नाही. १९ जून २०१६, ओकलंड, अमेरिकेतल्या एनबीए लीगच्या फायनलचा सातवा, निर्णायक सामना. क्लीव्हलंड ९३, गोल्डन स्टेट ८९. आपल्याकडे तेव्हा सोमवारची सकाळ होती, आठवत असेल. गोल्डन स्टेट म्हणजे त्या मोसमात ८२ पैकी ७३ सामने जिंकलेला संघ. मालिकेतही ३-१ असा पुढे होता. क्लीव्हलंडने तिथून ३-३ केलं. गंमत म्हणजे पहिल्या सहा सामन्यांची बेरीज केली, तर दोन्ही संघांचे पॉइंट अगदी सारखे भरतात : ६१० आणि ६१०.

मुलींना कागद देताना वरचा निकाल झाकून दे आणि विचार, यातला सर्वांत भारी खेळाडू कोण? त्या बोट ठेवतील ड्रेमंड ग्रीनवर, आणि त्यांचं काही चुकणार नाही. ३२ पॉइंट, १५ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले बॉल), ९ असिस्ट (ज्यावर लगेच बास्केट झाली असे पास). १५ शॉटपैकी ११ आत, आणि त्यातही थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून मारलेले तीन पॉइंटांचे शॉट, ८ पैकी ६. थ्री मारण्यासाठी कुणी त्याला ओळखत नाही, पण त्या दिवशी पहिल्या हाफमध्ये मारलेले पाचही आत गेले होते. मग निकालावरचा हात काढ. हा माणूस हरलेल्या संघात होता.

आता खरा हिशेब. गोल्डन स्टेटने थ्री-पॉइंटर १५ टाकले, क्लीव्हलंडने फक्त ६. म्हणजे ४५ पॉइंट विरुद्ध १८. थेट २७ चा फरक, तरी हरले ते गोल्डन स्टेटच! मुलींना इथे थांबव आणि गेले कुठे ते २७ हे त्यांनाच शोधू दे. दोन-दोनच्या बास्केट बघ : क्लीव्हलंड २७, गोल्डन स्टेट १७. तिथे २० परत आले. फ्री थ्रो, म्हणजे फाऊलनंतर मिळणारे एकेका पॉइंटचे मोकळे शॉट, क्लीव्हलंडचे २५ पैकी २१, गोल्डन स्टेटचे १३ पैकी १०. आणखी ११. झाले ३१. त्यातून २७ गेले, उरले ४. तोच निकाल. रोज सरावाच्या शेवटी फ्री थ्रो मारायला लावलंस की तोंडं वाकडी करणाऱ्या पोरींना हे ११ दाखवच.

त्या १५ थ्रीमधून ग्रीनचे ६ वगळले, तर बाकी सगळ्यांचे मिळून ३३ पैकी ९ उरतात. स्टीफन करी १४ पैकी ४, क्ले थॉम्पसन १० पैकी २. त्या मोसमात ४०२ थ्री मारून विक्रम करणारा हाच करी. मला विचारशील तर या सामन्याची गोष्ट ग्रीनच्या ओळीत नाहीच, ती या दोन ओळींत आहे.

क्लीव्हलंडच्या लेब्रॉन जेम्सकडे वळू. २७ पॉइंट, ११ रिबाउंड, ११ असिस्ट, ३ ब्लॉक (हवेतच अडवलेले समोरच्यांचे शॉट). वाचायला राजेशाही, पण शेजारच्या रकान्यात २४ पैकी ९ आहे. शॉट बसत नव्हते. तरी तो रिंगकडे घुसत राहिला, १० फ्री थ्रो मिळवले, ८ टाकले आणि बाकी वेळ इतरांना बॉल देत राहिला. शॉट बसत नाही म्हणून तुझ्याकडची जी मुलगी मान खाली घालते, तिला ही एकच ओळ वाचायला दे.

आणि मग केविन लव्ह. पॉइंट ९. तुझ्या मुली याच्या नावावरून सरळ पुढे जातील. रिबाउंड १४ दिसले तर दिसले. पण शेवटच्या रकान्यात, प्लस-मायनसमध्ये, त्याच्यासमोर अधिक १९ आहे. तो कोर्टवर असताना क्लीव्हलंडने समोरच्यांपेक्षा १९ पॉइंट जास्त केले. संघ जिंकला फक्त ४ ने. म्हणजे लव्ह बाकावर असताना हाच संघ १५ ने मागे पडला होता! हा रकाना लबाड आहे, मला माहीत आहे. शेजारी चार चांगले खेळाडू असले की कुणाचाही आकडा फुगतो, आणि एका सामन्यावरून तर कुणाला डोक्यावर घेऊ नये. तरी १९ म्हणजे काही थोडे नव्हेत. याच मालिकेत डोक्याला मार लागून लव्ह तिसऱ्या सामन्याला मुकला होता आणि चौथ्यात बाकावरून आला होता.

आता कागदात नसलेलं सांगतो. ८९-८९ झालं तेव्हा ४ मिनिटं ३९ सेकंद बाकी होती. त्यानंतर गोल्डन स्टेटला एकही पॉइंट मिळाला नाही. भोपळा! क्लीव्हलंडला तरी कुठे काय मिळत होतं? १ मिनिट ५० सेकंद उरलेली असताना गोल्डन स्टेटचा आंद्रे इगुओडाला ले-अपला, म्हणजे रिंगजवळून बॉल टाकायला, उठला आणि लेब्रॉनने मागून धावत येऊन बॉल बोर्डवर दाबला. कागदावर हा ब्लॉक त्याच्या ३ मधला एक, बाकीच्या दोन ब्लॉकइतकाच. त्याआधी क्लीव्हलंडचा जे. आर. स्मिथ मध्ये आला म्हणून इगुओडालाला हवेत बॉल खाली घेऊन पुन्हा वर न्यावा लागला आणि लेब्रॉनला तो क्षण मिळाला. स्मिथच्या नावावर त्याचं काय? काहीच नाही. ५३ सेकंद असताना क्लीव्हलंडच्या कायरी अर्व्हिंगने करीच्या डोक्यावरून थ्री टाकला. करी त्याच्यासमोर आला तोही स्मिथने उभ्या केलेल्या स्क्रीनमुळेच, म्हणजे वाटेत उभं राहून बचाव करणाऱ्याला अडवल्यामुळेच. तिथेही स्मिथची पाटी कोरी. पुढच्याच बॉलवर करीसमोर सापडला लव्ह. उंच, जड, पायाने मंद माणूस, आणि समोर जगातला सर्वांत चपळ शूटर. सगळ्यांना वाटलं, आता करी त्याला नाचवणार. लव्ह चिकटून राहिला, करीचा शॉट गेला बाहेर. कागदात याची नोंद एवढीच : करी, चुकलेला शॉट, एक. शेवटी लेब्रॉनने दोनपैकी एक फ्री थ्रो टाकला आणि ९३ झाले.

जाता जाता एक. ग्रीनसारखं नशीब १९६९ च्या फायनलमध्ये जेरी वेस्टच्या वाट्याला आलं होतं. सातव्या सामन्यात ४२ पॉइंट, १३ रिबाउंड, १२ असिस्ट, आणि त्याचा संघ लेकर्स १०६-१०८ असा हरला. हरूनही फायनलचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला तो आजवरचा एकटाच. २०१६ मध्ये हाच वेस्ट गोल्डन स्टेटच्या संचालकांत होता. ग्रीनची ती ओळ वाचून त्याला काय वाटलं असेल, सांग.

तर मुद्द्याचं. पुढच्या सामन्यात बाकावर बसलेल्या मुलींपैकी एकीच्या हातात पेन्सिल दे आणि फक्त शेवटची पाच मिनिटं तिला वेगळ्या कागदावर लिहायला सांग. बास्केट, फाऊल ते टेबलावरचे लिहितीलच. हिने लिहायचं ते स्क्रीन कुणी लावली, कुणाच्या अंगावर येण्याने शॉट चुकला, बॉल आपल्याकडे वळावा म्हणून कुणी हात घातला. अक्षर कसंही असो. तो कागद मला फोटो काढून पाठव, आपण अधिकृत स्कोअरशीटशेजारी ठेवून बघू. आणि तुझी ती उंच सेंटर, जिचे पॉइंट कधी दोन आकडी होत नाहीत म्हणतोस, तिच्या रिबाउंडचे आकडे आधी पाठव. मला तिच्याबद्दल शंका आहे, चांगली शंका.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याचं काय झालं ते तू पत्रात शिताफीने टाळलंयस, ते पुढच्या वेळी सविस्तर लिही.

तुझा,
शिरीष