परीक्षण लिहायला शिंपी का नको?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘काय वाचावे’ म्हणून अर्धं पान होतं. कादंबरी एका चौकटीत, आत्मचरित्र दुसऱ्या, विज्ञान तिसऱ्या. ‘आपली आवड ओळखा आणि निवडा’ असं खाली लिहिलं होतं. ते वाचून मला हसू आलं, कारण मी पुस्तक निवडत नाही. आमच्या वाचनालयात परत आलेली पुस्तकं कपाटात लावायच्या आधी टेबलावर गठ्ठा करून ठेवतात. त्या गठ्ठ्यातलं वरचं उचलायचं आणि घरी यायचं, एवढीच माझी निवड. वरचं पुस्तक म्हणजे कुणीतरी नुकतंच वाचून आणून दिलेलं, एवढी शिफारस मला पुरते.

मी कराडात गेली चौतीस वर्षं बायकांचे ब्लाऊज शिवते. शिक्षण दहावी. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसतं, तेव्हा वाचते. यंदा पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत जे वाचलं त्याबद्दल कुणाला तरी सांगावंसं वाटतंय. घरात सांगून झालं आहे, घरचे आता विषय बदलतात.

पहिलं ‘उसवण’. देविदास सौदागरांची कादंबरी, २०२४ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळालेली. लेखक तुळजापूरचे, स्वतः शिवणकाम करणारे. रेडीमेड कपडे आले आणि शिंप्याच्या हातचं काम सुटत गेलं, त्याची ही गोष्ट. पुस्तक लहानसं आहे, दोन दुपारींत संपलं. मला अजून पन्नास पानं चालली असती.

ज्यांनी कधी शिवलं नाही त्यांना वाटतं शिवणं अवघड. शिवणं सोपं असतं हो, मशीन शिवते. उसवणं अवघड. ब्लेडचं टोक टाक्याखाली सरकवायचं, चार टाके सोडून पाचवा कापायचा, मग कापड उलटं करून दोरा अलगद ओढायचा. घाई केली की कापड फाटतं. आणि सिल्क असेल तर कितीही जपा, जुन्या टाक्यांची भोकं दिसायची ती दिसतातच. वरून इस्त्री फिरवा, पाण्याचा हात लावा, बारीक नजरेच्या बाईला ती दिसतात. पुस्तक मिटल्यावर मला तीच भोकं दिसत राहिली. आमच्या समोरच्या गाळ्यात शर्ट-पँट शिवणारे एक काका आहेत. जूनमध्ये शाळेचे गणवेश आले की त्यांच्याकडे तीन मशिनी रात्री अकरापर्यंत चालायच्या. आता एक मशीन आहे, त्यावर पँटची उंची कमी करणं आणि चेन बदलणं. मी त्यांना पुस्तक दिलं. चार दिवसांनी परत आणून म्हणाले, ‘ताई, हे मला माहीत आहे की.’ पुस्तकाबद्दल यापेक्षा चांगलं कुणी बोललेलं मी ऐकलं नाही.

त्यानंतर हाती आलं बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’. १९८६ सालचं पुस्तक, बाई फलटणच्या, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातल्या, आणि मी साठीला आले तरी ते वाचलं नव्हतं याची लाज वाटली. नवऱ्यापासून लपवून त्यांनी हे लिहिलं. दुकानात माल बांधायला आलेली रद्दी आधी वाचायच्या, मग त्यात पुडी बांधायच्या. (संपादक महाराज, माझे मापाचे कागदही तुमच्याच पेपरचे असतात. गेल्या महिन्यात एका बाहीत तुमचा अर्धा अग्रलेख गेला.)

त्या पुस्तकात एक जागा आहे. महार बायकांनी लुगडं नेसताना काठ निऱ्यांच्या आत लपवायचे. काठ दिसेल असं नेसणं हा वरच्या जातीच्या बायकांचा मान, म्हणून. हे वाचलं तेव्हा टेबलावर एका गिऱ्हाइकाच्या पैठणीचा ब्लाऊजपीस पसरलेला होता. माझं अर्धं आयुष्य काठ दिसावा म्हणून गेलंय. काठ बाहीला लावा, काठ पाठीवर घ्या, उरला तर गळ्याला पट्टी काढा, हेच दिवसभर ऐकते. काठाची नक्षी दोन्ही बाह्यांवर एका रेषेत यावी म्हणून मी कापड दहादा मागे-पुढे सरकवते. आणि हेच काठ दिसले तर गुन्हा, असं नेसून बायका जगल्या. त्या दुपारी मी कात्री लावली नाही. दुसऱ्या दिवशी बाई ब्लाऊज न्यायला आल्या तर तो झालेला नव्हता. का, ते काय सांगणार? लाईट नव्हती म्हटलं.

मग गठ्ठ्यात नारळीकर निघाले. ‘यक्षांची देणगी’. विज्ञानकथा म्हटल्यावर मी परत ठेवणार होते, पण मागे कुणी उभं होतं, संकोचाने घेतलं. त्यातली ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही गोष्ट मी तीनदा वाचली. उजव्या हाताने गोलंदाजी करणारा एक खेळाडू एकदम डावखुरा होऊन उतरतो आणि डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा होतो. आरशात दिसावं तसं माणूसच उलटा होऊन येतो. त्याचं मूळ आहे मोबियस पट्टीत. लांब पट्टी घ्यायची, एक टोक अर्धं पिळायचं आणि दुसऱ्या टोकाला जोडायचं. त्या पट्टीला बाजू एकच राहते.

हे प्राध्यापकाला समजावून सांगावं लागत असेल, शिलाईवालीला नाही. या धंद्यात नवी आलेली प्रत्येक पोरगी एकदा तरी दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापते. बाहीला पुढचा मुंढा, म्हणजे काखेकडचा गोल काप, खोल असतो, मागचा कमी. कापड दुमडून कापलं तर डावी-उजवी जोडी निघते. एकेरी कापडावर तोच कागद तसाच दोनदा ठेवला की दोन्ही बाह्या उजव्या. मग ती बाही कितीही फिरवा, खालीवर करा, टेबलावर सरकवा, ती डावी होत नाही. उलटी केली तर कापडाची उलटी बाजू वर येते. मीही पहिल्या वर्षी असं एक रुबियाचं कापड घालवलंय आणि त्याचे पैसे भरलेत.

मी लगेच ऑर्गंझाची उरलेली पट्टी काढली, अर्धा पीळ देऊन टोकं शिवली आणि तिच्यावर खडूने बाहीचा आकार काढला. मग तोच आकार थोडा थोडा पुढे काढत गेले. फेरी पूर्ण करून जिथून निघाले तिथे आले, तर आरपार दिसणाऱ्या त्या कापडात दोन बाह्या एकीवर एक, एक डावी आणि एक उजवी! एकटीच होते दुकानात, मोठ्याने हसले. जे टेबलावर कधी होत नाही ते पिळलेल्या पट्टीवर झालं होतं. ती पट्टी अजून मशीनच्या हँडलला अडकवलेली आहे. गिऱ्हाइकं विचारतात, नवस आहे का.

नारळीकरांची आणखी एक गोष्ट वाचनालयातल्या सरांनी सांगितली. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, आपली आद्याक्षरं उलटी करून, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून बायकोकडून लिहवून घेऊन. पहिलं बक्षीस मिळालं. म्हणजे नावातसुद्धा डाव्याचं उजवं!

दिवाळीच्या तोंडावर वाचायला वेळ कुठला. तरी ‘रुचिरा’ चाळलं. ते घरात आहेच, माझ्या सासूबाईंचं, तेलाचे डाग पडलेलं. तुमच्या लेखात पाककृतीची चौकटच नव्हती म्हणून मुद्दाम लिहिते. कमलाबाई ओगले यांनी १९७० मध्ये वाटी-चमच्याच्या मापाने लिहिलं. एका घरची वाटी दुसऱ्या घरच्या वाटीएवढी कधीच नसते, तरी चकली बिघडत नाही, कारण माप वाटीचं वाटीशी आहे. ज्याला मापाची अक्कल आहे त्यालाच हे सुचतं. याला साहित्य म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा. नारायण धारपांची ‘लुचाई’ रात्री एकटीने दुकानात वाचू नये, एवढंच सांगते. आणि एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी शंभर पानांवर सोडली. नाव लिहीत नाही. तिच्यात पानोपानी कुणीतरी गहिवरतं, पण दिवसभरात कुणी जेवत नाही, कुणाचा घोडा दमत नाही.

ती सोडली आणि तिच्या जागी विष्णुभट गोडसे वरसईकरांचा ‘माझा प्रवास’ मिळाला, आणि इतिहास कसा लिहावा ते कळलं. हे कोकणातल्या वरसईचे भटजी, घरात कर्ज, मथुरेला बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल म्हणून काकांबरोबर १८५७ मध्ये निघाले आणि नेमके बंडात सापडले. झाशी पडली तेव्हा ते झाशीत होते. जवळ जमवलेलं लुटलं गेलं. पुढे काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी राणी लक्ष्मीबाई भेटते, पठाणी वेषात, धुळीने भरलेली, तहानलेली. हे मडक्याने पाणी काढून द्यायला पुढे होतात, तर ती म्हणते, तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी काढू नका, मीच काढते. आणि ओंजळीने पिते. इथे भटजी गहिवरून दोन पानं लिहीत बसत नाहीत. पुढे चालू लागतात. परतताना खांद्यावर गंगेची कावड घेऊन एवढी वाट तुडवून आले आणि त्या पाण्याने आईवडिलांना न्हाऊ घातलं. गेले होते पैसे आणायला. लिहिलं १८८३ च्या सुमाराला, छापलं गेलं १९०७ मध्ये.

आता माझं म्हणणं. तुमच्या पुरवणीत पुस्तकांवर लिहिणारे बहुतेक प्राध्यापक असतात. ते चांगलं लिहितात, माझा राग नाही. पण ‘उसवण’वर एखाद्या शिंप्याने लिहिलेलं मी तरी कुठे वाचलं नाही. पायी वारी करणाऱ्याला ‘माझा प्रवास’ द्या आणि रोज किती कोस चालणं खरं वाटतं ते विचारा. खानावळ चालवणाऱ्या बाईला ‘रुचिरा’बद्दल विचारा. महिन्यातून एका रविवारी तेवढी जागा काढा. चौकटी काढून टाकल्या तर जागा होईल. शुद्धलेखन तुम्ही तपासून घ्या, आमचं कच्चं असतं.

सध्या मशीनशेजारी वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ आहे. लग्नसराई सुरू झाल्यामुळे चाळिसाव्या पानावर अडकलं आहे आणि वाचनालयाची मुदत गुरुवारी संपते.

कळावे,
एक वाचक, कराड

ता. क. : कृपा करून नाव छापू नये. बारा ब्लाऊज द्यायचे राहिलेत. पत्र लिहायला वेळ मिळतो आणि हुक लावायला मिळत नाही, असं बायका तोंडावर म्हणतील.