मंत्रीसाहेब, कर्ज नंतर बघू, आधी आमचं गिऱ्हाईक आमच्यापर्यंत येऊ द्या

प्रति,
मा. लघुउद्योग मंत्री

स.न.वि.वि.

साहेब, मी कापडी बॅगा शिवून विकते. मला धरून पाच माणसं, तीन मशीनं आणि एक फोन एवढाच पसारा. तुमच्या खात्याकडून आमच्यासाठी जे काही येतं ते दोनच गोष्टींपाशी येऊन थांबतं, कर्ज आणि ट्रेनिंग. दोन्ही वाईट नाहीत, पण आमचं दुखणं तिसरीकडेच आहे. माल तयार आहे, घेणारं माणूसही आहे, फक्त त्या माणसापर्यंत जायचा रस्ता दुसऱ्याच्या ताब्यात आहे आणि तो दुसरा कुणालाच उत्तर द्यायला बांधील नाही.

गेल्या वर्षी एका सकाळी उठून बघते तर माझं सेलर अकाउंट बंद. ऑनलाइन विक्रीचा मोठा प्लॅटफॉर्म आहे, नाव घेत नाही. मेलमध्ये एकच ओळ, धोरणाचं उल्लंघन झालंय म्हणून. कुठलं धोरण, कुठली बॅग, फोटो चुकला की वर्णन चुकलं, काही म्हणजे काही नाही. मेलला उत्तर दिलं की तेच छापील उत्तर परत यायचं, आणि फोन करावा तर नंबरच नाही. त्या दिवशी पाठवायची सव्वीस पार्सलं पत्ते चिकटवून टेबलावर ठेवलेली होती, त्या सगळ्या ऑर्डरी आपोआप कॅन्सल झाल्या आणि आम्ही दोघी बसून ते स्टिकर नखांनी खरवडून काढत होतो, कारण पाकिटं तरी परत वापरता यावीत. बाराव्या दिवशी अकाउंट सुरू झालं, तेही कारण न सांगता. तोवर सर्चमध्ये माझ्या बॅगा इतक्या खाली गेल्या होत्या की मलाच शोधायला वेळ लागला.

पण मला जास्त लागली ती वेगळीच गोष्ट. चार वर्षं ज्यांना माल दिला त्यातल्या एकाही गिऱ्हाइकाला "आम्ही आहोत अजून" एवढं सांगायची सोय माझ्याकडे नव्हती. नंबर नाही, मेल नाही, सगळं प्लॅटफॉर्मकडे. नंतर एक ताई ओळखीतून भेटल्या, त्या म्हणाल्या, अहो मला वाटलं तुम्ही धंदा बंद केलात, म्हणून दुसरीकडून घेतली.

इथेच आमचं सगळं गणित फिसकटतं साहेब. नवीन गिऱ्हाईक आणायला जाहिरातीवर जो खर्च होतो तो पहिल्या ऑर्डरीत सहसा निघत नाही, तेच माणूस दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा आलं की निघतो. आणि त्या माणसाशी आम्हाला थेट बोलताच येत नसेल तर त्याच माणसासाठी आम्ही दरवेळी नव्याने पैसे मोजतो. ग्रोथ ग्रोथ म्हणतात ती इथे अडकलेली आहे, बँकेत नाही. कर्ज काढून जाहिराती केल्या तर हेच चक्र आणखी जोरात फिरतं, वर हप्ता.

जाहिरातींचंही सांगते. ऑनलाइन जाहिरातीची जागा लिलावात जाते, आणि नुसती जास्त बोली लावून भागत नाही, जाहिरात बघून माणूस खरेदी करेल का याचा सिस्टीमचा अंदाजही त्यात धरला जातो. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या मदतीच्या पानांवर लिहिलंय की जाहिरात कुणाला दाखवायची हे सिस्टीमला नीट शिकायला आठवड्याला साधारण ५० रिझल्ट, म्हणजे माझ्या बाबतीत ऑर्डरी, लागतात. माझ्या ऑर्डरी जाहिरातीतून आठवड्याला आठ-नऊ येतात, म्हणजे माझी जाहिरात कायम शिकतच राहणार आणि मोठ्या ब्रँडची एका दिवसात पास होणार! त्यात २०२१ साली ॲपलने ॲपना ट्रॅकिंगसाठी परवानगी विचारायला लावली, ती लोकांच्या प्रायव्हसीसाठी योग्यच होती, माझा विरोध नाही, पण जाहिरात नक्की कुणाला दिसली आणि कुणी घेतलं हे कळणं त्यानंतर आणखी अवघड झालं आणि आमच्यासारख्यांना हे कुणी समजावूनही सांगितलं नाही. ट्रेनिंगला गेले होते तिथे दिवसभर रील कसा काढायचा आणि हॅशटॅग किती टाकायचे हेच चाललं होतं. एक गिऱ्हाईक कितीला पडतं हा हिशोब एकदाही फळ्यावर आला नाही.

आता तुम्ही म्हणाल खाजगी कंपन्यांच्या कारभारात सरकार काय करणार. करता येतं साहेब. युरोपियन युनियनने २०१९ मध्ये प्लॅटफॉर्म आणि त्यावर विकणारे व्यावसायिक यांच्यासाठी नियम केला, १२ जुलै २०२० पासून तो लागू आहे. अकाउंट बंद करायचं तर कारण लेखी द्यायचं, कायमचं बंद करायचं असेल तर साधारणपणे किमान ३० दिवस आधी कळवायचं, अटी बदलायच्या तर किमान १५ दिवस आधी, आणि सर्चमध्ये कोण वर कोण खाली हे मुख्यतः कशावरून ठरतं तेही सांगायचं. काही अपवाद आहेत, पण पाया हाच. मला ही लेखी कारणाची एक ओळ मिळाली असती तर मी त्याच दिवशी चूक दुरुस्त केली असती.

तर पहिलं मागणं हेच. लेखी कारण, आधी सूचना, आणि तक्रार ऐकायला जिवंत माणूस. दुसरं, गिऱ्हाइकाने स्वतः हो म्हटलं तर त्याचा संपर्क विकणाऱ्याला मिळालाच पाहिजे, अट एवढीच की गिऱ्हाईक नाही म्हणालं तर नाही. मोठे खरेदीदार आमची बिलं महिनोन्‌महिने अडकवतात तो विषय वेगळ्या पत्राचा आहे, पण जाहिरातीचे पैसे तिथेच अडकलेले असतात हेही लक्षात असू द्या.

आणि यावर समिती नेमलीत तर त्यात दहापेक्षा कमी माणसं असलेले धंदेवाले निम्मे तरी घ्या. बैठक संध्याकाळी सातनंतर ठेवा, कारण दिवसा मी आले तर त्या दिवशीची पार्सलं कोण पाठवणार.

आपली,
एक लघुउद्योजिका