मधल्या शनिवारबद्दल कोणी लिहीतच नाही

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

गुड फ्रायडेला क्रूसाबद्दल लेख येतो, ईस्टरला शुभेच्छा येतात, पण मधल्या शनिवारचं काय? येशूच्या थडग्याला धोंड लावलेली, शब्बाथ (यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस) असल्यामुळे त्याच्या मागे आलेल्या बायकांना सुगंधी द्रव्यं घेऊन जातापण येत नव्हतं, नुसतं थांबायचं. तिसऱ्या दिवशी येशू पुन्हा जिवंत उठला ते आपल्याला माहितीये हो, त्यांना कुठे माहीत होतं! माझी आई गेली तेव्हा मला हा शनिवार खरा कळला, दिवसभर तिची चप्पल दारात तशीच होती आणि कोणाचीच उचलायची हिंमत होईना.

आणि मग बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या २० व्या अध्यायातली, त्याच बायकांमधली ती मग्दालीया मरीया, रडून रडून डोळे भरलेले, समोर येशू उभा आणि तिला वाटतं माळी आहे. तो फक्त "मरीये" म्हणतो आणि तिला कळतं, एवढंच. मला तर दरवेळी वाचताना भरून येतं. थोमा या शिष्याला दाखवल्या त्या खिळ्यांच्या खुणाही तशाच होत्या, उठलेल्या शरीरावरसुद्धा.

पुढच्या वर्षी शनिवारच्या अंकात यावर थोडी जागा द्या, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक